दिराने वितळवून टाकलेले कार्ब्युरेटर

माझ्या थोरल्या दिरावर मला सूड उगवायचा होता आणि त्यासाठी मला एका विलायती गाडीचे सुटे भाग हवे होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ‘बाई किती गुणाची, नवऱ्याची आठवण जपली’ वगैरे कुणी म्हणायला नको. आठवण होती, नाही कशाला म्हणू? पण पहाटे उठून पापडाचं पीठ कुटताना माझ्या डोळ्यांपुढे यायचं ते दिराचं तोंड. मुसळ त्यामुळे चांगलं पडायचं. त्या वर्षीचे माझे पापड पेणमध्ये सगळ्यांत हलके झाले होते, असं गिऱ्हाइकं अजून सांगतात.

गाडी नवऱ्याची. इंग्रज गेल्यावर काही वर्षांनी विलायतेहून बोटीने आलेली, दोन माणसांची, उघड्या टपाची, हिरवी, बुटकी. अलिबागच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ती हौसेने आणलेली. त्यांची नजर गेली तेव्हा त्यांनी ती माझ्या नवऱ्याला देऊन टाकली, कारण ती बिघडली की दुरुस्त करायला हाच जायचा. नवरा रोह्याला, धाटावच्या एका कंपनीत फिटर होता. आठवडाभर शिफ्ट आणि रविवारी गाडी. आमच्या आळीत तेव्हा कुणी स्कूटर घेतली तरी पेढे वाटायचे, आणि आमच्या अंगणात ही विलायती महाराणी! लोक चेष्टा करायचे, तिच्यात बसलं की बूड रस्त्याला घासतं म्हणे. घासत नव्हतं, पण फार लांबही नव्हतं. नागोठण्यापर्यंत जाऊन भजी खाऊन परत यायचं, एवढंच आमचं फिरणं. डोक्यावरचा पदर कधी जागेवर राहिला नाही, आणि मला तो राहावा असं कधी वाटलंही नाही.

थोरले दीर रोह्याला राहायचे. तिथे त्यांच्या सासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, त्या गादीवर जावई बसला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. तोंडावर मी त्यांना ‘भावोजी, तुम्ही’ म्हणायची, अजूनही म्हणते. मनात मात्र अरे-तुरे. इथे लिहितानाही मी त्याला अहो-जाहो करणार नाही, वय झालं माझं, आता खोटं कशाला?

पेणचं घर दोघा भावांचं सामायिक. घराला लागून पत्र्याची शेड, तीही सामायिक, आणि शेडमध्ये गाडी. आता पेणमध्ये कोरडी शेड म्हणजे काय चीज आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडे बाराही महिने गणपती घडतात. आळीआळीला कारखाने. मूर्ती वाळवायला, रंगवून ठेवायला जागा कुणालाच पुरत नाही. ओटी म्हणू नका, माळा म्हणू नका, गुरं विकलेला गोठा म्हणू नका, जिथे गळत नाही तिथे गणपती ओळीने बसलेले. दिराला ती शेड एका कारखानदाराला द्यायची होती. अडचण दोनच, गाडी आणि तिचा मालक. पौषात मालक गेला. रात्री जेवून झोपला तो उठलाच नाही.

तेराव्याला पानं उठली, पाहुणे सुपारी कातरत बसले, मी मागच्या दारी होते. शेडमधून ठण ठण आवाज यायला लागला. जाऊन बघते तर भावोजी गाडीचं बॉनेट उघडून आत वाकलेला, हातात पाना.

“काय करताय भावोजी?”

“काय नाय गो. ह्ये दोन कार्ब्युरेटर काढून ठेवतो. किमती वस्तू हाय. घरात आता पुरुष नाय, कोणपण काढून न्हेल. माझ्याकडं जपून राहतील.”

कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा पाजणारी वस्तू. त्या गाडीला दोन होते. मी मान हलवली. तेरा दिवसांत मी इतक्या गोष्टींना मान हलवली होती, त्यात आणखी एक. तो ते धोतराच्या फडक्यात गुंडाळून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी शेड झाडायला गेले तेव्हा कळलं. इंजिनाच्या डोक्यावर ॲल्युमिनियमचा एक कोपर असतो, त्यातून इंजिनातलं उकळतं पाणी गार व्हायला रेडिएटरकडे जातं. तो कोपर फुटून तीन तुकडे खाली पडले होते आणि उरलेल्या बुडख्यावर हातोड्याचे वळ होते. पान्याने कोपर फुटत नाही. मी ते तीन तुकडे उचलून पापडाच्या डब्यात ठेवले. तरीसुद्धा, सांगते, तेव्हाही मला वाटलं की चुकून झालं असेल. काय भाबडेपणा!

महिनाभर मी निरोप पाठवत राहिले. “हायत गो, माळ्यावर हायत,” एवढंच उत्तर. मग एक दिवस एसटी पकडली आणि रोह्याला गेले. जाता जाता म्हटलं, भंगारवाल्याकडे कोपरासारखं काही मिळतंय का बघू. त्याच्यापुढे तीन तुकडे मांडले. तो तुकड्यांकडे बघतो, माझ्याकडे बघतो.

“बाई, ह्याच गाडीचा माल माझ्याकडं आलेला. हार्डवेअरवाले शेठ घेऊन आले होते. दोन नग.”

“कुठे आहेत?”

“वितळवले की. शेठ बोलले, माझ्या डोळ्यासमोर भट्टीत टाक. टाकले. होईपर्यंत उभे होते.”

मी तिथल्या एका टायरवर बसले. विकले असते तर मी समजले असते. घरात ठेवून घेतले असते तरी समजले असते, हाव सगळ्यांना असते. पण त्याने ते उन्हात उभं राहून वितळताना बघितले. त्याला काही नको होतं. त्याला फक्त माझ्या नवऱ्याची गाडी मेलेली हवी होती. मेल्या, तुझा मुडदा बसवला! हे मी मोठ्याने म्हटलं असणार, कारण भंगारवाल्याने घाईघाईने मला पाणी आणून दिलं.

त्या दिवशी मी दुकानात गेलेच नाही. गेले असते तर आरडाओरडा झाला असता आणि बघ्यांनी म्हटलं असतं, नवरा गेल्यापासून बाईचं डोकं फिरलंय. मी परतीची एसटी पकडली आणि होळीपर्यंत तोंड मिटून बसले. होळीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गावकी बसते, देवळात, वर्षभराच्या भानगडी निस्तरायला. तिथे उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

दीर हजर होता. वितळवल्याचं त्याने नाकारलं नाही, हे त्याचं धाडस. म्हणाला, “मेलेल्या गाडीचं लोखंड ठेवून काय पूजा करायची हाय? शेड निम्मी माझी. अक्षय तृतीयेला कारखान्याची माणसं मूर्ती घेऊन येतील. तवर ही बला बाहेर नाय गेली तर मी भंगारात घालणार.”

“गाडी मेलेली नाही,” मी म्हटलं. “चालू होईल.”

“कोण चालू करणार? तू? पापड लाटतेस त्या हातानं?”

लोक हसले. हसले त्या प्रत्येकाचं तोंड मी लक्षात ठेवलंय. गावकीचे म्हातारे पंच नवऱ्याचे लांबचे चुलते लागत. त्यांनी दोघांना गप्प केलं आणि म्हणाले, “ठीक हाय. अक्षय तृतीयेला गाडी इंजिनावर फाटकाच्या बाहेर पडली तर शेड गाडीची, कोणी बोलायचं नाय. नाय पडली तर थोरला सांगेल तसं. कबूल?”

“कबूल,” दीर म्हणाला, “पण हिनं चार माणसं लावून ढकलत काढायची नाय. हिच्याकडच्या एकाचाही हात गाडीला लागला तर गाडी माझी.”

“कबूल,” मी म्हटलं. पंचांनी देवापुढे नारळ ठेवला. म्हणजे आता मागे फिरणं नाही.

आमच्या आळीच्या तोंडाशी एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. रिक्षा, टेम्पो, कंपनीच्या जीपगाड्या असलं काम करायचा. माझ्या नवऱ्याला गुरू मानायचा, त्यामुळे नाही म्हणाला नाही, पण आधी डोकं खाजवत बसला. मी त्याला घेऊन मुंबईला गेले. ऑपेरा हाउसच्या बाजूला सुट्या भागांची दुकानं आहेत, तिथे दुकानामागून दुकान पालथं घातलं. एकाने सांगितलं, विलायतेला पत्र घाला, सहा महिन्यांत उत्तर आलं तर नशीब. दुसरा म्हणाला, बाई, गाडीत माती भरा, गुलाब लावा. त्याच्या नरड्यात गुलाब लावावा असं मला वाटलं. पण तिसऱ्याकडचा एक म्हातारा कामगार गाडीचं वर्णन ऐकून म्हणाला की इंजिन बघायला गेलं तर हे आपल्या सरकारी साहेबांच्या पांढऱ्या गोल गाडीच्याच घराण्यातलं, चुलत भावंडं समजा. जुन्या सरकारी गाडीला असाच एक कार्ब्युरेटर असतो. तुम्हाला दोन हवेत तर दोन साहेब शोधा.

मग आम्ही साहेब शोधत फिरलो. पहिला सापडला रोह्यालाच, त्याच भंगारवाल्याकडे. लिलावात आलेली कुठल्यातरी खात्याची गाडी मागच्या अंगणात पडलेली, तिच्या सीटवर कोंबडी अंडी घालत होती. कोंबडीला उठवून मिस्त्रीने कार्ब्युरेटर काढला. दुसरा नागोठण्याला. तिथे एका गॅरेजवाल्याकडे अंबा नदीच्या पुरात बुडालेली गाडी होती. कार्ब्युरेटर होता, पण गाळाने इतका भरलेला की आत भात लावावा. मी तो घरी आणून चिंचेच्या पाण्यात टाकला. पापडाला येणाऱ्या बायका आणि मी, आम्ही तो दाभणाने, सुतळीने, जुन्या दात घासायच्या ब्रशाने घासला. बायका विचारायच्या, “काय गो ह्ये?” मी सांगायची, “माझ्या दिराचं नाक हाय. कापायचंय, आधी स्वच्छ करतेय.” त्या खदखदून हसायच्या आणि आणखी जोरात घासायच्या.

राहिला कोपर. तो काही केल्या कुठे मिळेना. सरकारी गाडीचा वेगळ्या घाटाचा, वळण उलटं. मिस्त्री म्हणाला, “वैनी, नवा ओतून घ्यायला लागेल. धाटावला गुरूंच्या शिफ्टमधला एक जण ओतकाम करतो. पण त्याला द्यायला साचा कुठनं आणायचा?”

मी त्याच्याकडे बघतच राहिले. “अरे, पेणमध्ये बसून साचा कुठनं आणायचा विचारतोस? आळीत थुंकलास तर साच्यावर पडेल!”

शेजारचा मूर्तिकार नवऱ्याचा दोस्त. त्याने तिन्ही तुकडे इंजिनावरून काढलेल्या बुडख्याला लावून चिकटवले, तेल लावलं, रबराचा साचा घेतला आणि त्यातून प्लास्टरचा कोपर काढला. पांढराशुभ्र, गुळगुळीत, जणू आता सोंड लावली की झालं. तो मी कापसात गुंडाळून रोह्याला नेला. ओतकामवाल्याला म्हटलं, थांब, धातू मी देते. भंगारवाल्याकडे गेले. त्या दिवशीच्या वितळीचे दोन गोळे अजून पडलेले होते. त्यात आमचे कार्ब्युरेटर नक्की कोणत्या गोळ्यात गेले ते त्यालाही सांगता येईना, म्हणून दोन्ही गोळे उचलले. तू जाळलंस ना, भावोजी? तेच घे आता परत. ओतकामवाल्याने ते पुन्हा वितळवले, वाळूत प्लास्टरच्या कोपराचा ठसा घेतला आणि कोपर ओतला. मिस्त्रीने भोकं पाडली, कडा घासल्या. बसला अगदी चपखल.

गाडी चैत्रात चालू झाली. आधी शिंकली, मग काळा धूर ओकली, मग तो आवाज आला. शेडचे पत्रे थरथरले. मला रडू आलं नाही, मी खरंच सांगते, मी खिदळले. “आता बघ,” मी म्हटलं, “आता बघ रे मेल्या.”

थोड्याच वेळात कोपराच्या सांध्यातून फुस्स करून वाफ निघाली. रेडिएटर उकळायला लागला. मिस्त्रीने इंजिन बंद केलं, गार केलं, पाणी भरलं, पुन्हा चालू केलं. पुन्हा उकळलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी आम्ही अंगणात ते करत असताना नेमका दीर कारखानदाराला शेड दाखवायला आला. गाडीच्या तोंडातून वाफेचा लोट, मी पदराने वारा घालतेय, मिस्त्री भाजलेला हात फुंकतोय.

“काय गो,” दीर म्हणाला, “चाय ठेवलीस काय? दोन कप आमालापण.”

कारखानदार हसला. मला तेव्हा हातातलं झाकण फेकून मारावंसं वाटलं. मारलं नाही. पण त्या ‘चाय’साठी मी त्याला कधी माफ करणार नाही, आजही केलेलं नाही. तो जाताना गुणगुणत गेला. अक्षय तृतीया तोंडावर आली होती.

मिस्त्रीने सगळं उलटंपालटं केलं. पंप बदलला, नळ्या बदलल्या. शेवटी तो म्हणाला, “वैनी, माझी अक्कल संपली.” मी चिडून नवा कोपर काढायला लावला. मूर्तिकाराने तुकडे चिकटवलेला जुना कोपर परत दिला होता, तोही डब्यातून काढला. दोन्ही पापडाच्या पाटावर शेजारी ठेवले आणि बोट फिरवत बसले. पापडाची कड एका जागी जाड राहिली तर बोटाला कळते, तसं मला कळलं. जुन्याच्या आतल्या कडेला एका जागी टवका उडाल्यासारखी खाच होती. नव्याला नव्हती. कड गोल, साफ, सुरेख.

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. ती खाच टवका नव्हताच. ती मुद्दाम ठेवलेली. इंजिनात अडकलेली हवा तिच्यातून निघून जायची. ती वाट बंद झाल्यावर हवा आत कोंडली आणि पाणी फिरायचं थांबलं.

मी दोन्ही कोपर घेऊन तशीच मूर्तिकाराकडे गेले. तो एका मोठ्या गणपतीचे डोळे लिहीत होता. त्या वेळी त्याच्याशी कुणी बोलत नाही. मी बोलले.

“ही खाच तू भरलीस?”

त्याने ब्रश थांबवला, जुना कोपर हातात घेतला, वळवून पाहिला. “व्हय. टवका गेलेला, प्लास्टरमधे भरला. मग घासून एकजीव केला. का?”

“का भरलास?”

“वैनी,” तो म्हणाला, मी वेडी झाल्यासारखं माझ्याकडे बघत, “खंडित वस्तू माझ्या कारखान्यातनं बाहेर जात नाय. माझा बाप द्यायचा नाय, मीपण देणार नाय. टवका दिसला की हात आपोआप जातो. भरल्याशिवाय मला झोप यायची नाय.”

आता या माणसाला काय बोलायचं? ज्या गावात कानाची पाळी जराशी उडालेला गणपती कुणी घरात घेत नाही, त्या गावात मी त्याला एक तुटकी वस्तू दिली आणि म्हटलं, हुबेहूब कर. मी त्याच्यापुढे हात जोडले. रागानेच जोडले, पण जोडले. घरी येऊन मिस्त्रीने कानशीने खाच पाडली. गाडी त्या संध्याकाळी सांजवात लावेपर्यंत चालत राहिली आणि वाफेचा टिपूस नाही.

चालवायची मीच, हे मी आधीच ठरवलं होतं. मिस्त्रीने त्याच्या जीपवर मला शिकवलं, खाडीच्या बांधावरच्या रस्त्यावर, जिथे एका अंगाला मिठागरं आणि दुसऱ्या अंगाला चिखल, आणि मारायला कुणी सापडत नाही. मिठागरातल्या बायका फावडी टेकून ओरडायच्या, “काय गो बाय, गाडी घेऊन खाडीत जातेस काय?” दोनदा जाता जाता राहिले. क्लच माझ्याच्याने हळू सुटायचा नाही. पाय रागात असायचा.

अक्षय तृतीयेच्या सकाळी अख्खी आळी अंगणात. पंचांना खुर्ची दिलेली. फाटकाबाहेर कारखान्याचा टेम्पो मूर्ती भरून उभा, आणि त्याच्या बाजूला दीर, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मिशीला तेल. मी लुगड्याचा काष्टा आवळला, गाडीत बसले, चावी फिरवली. लागली! पहिल्या झटक्यात लागली. शेडमधून बाहेर काढली, अंगण ओलांडलं. माझ्या पापडवाल्या बायका किंचाळायला लागल्या. फाटकात गाडीचं नाक आलं, तिथे उंबऱ्यासारखी दगडाची एक पायरी आहे, पुढचं चाक तिच्यावर चढून पलीकडे उतरलं आणि माझा पाय क्लचवरून उचलला गेला. गाडी हिसका देऊन बंद पडली. अर्धी आत, अर्धी बाहेर.

चावी फिरवली. सेल्फ कण्हला. पुन्हा फिरवली. पुन्हा कण्हला. मग नुसतं टिक, टिक. बॅटरी बसली.

मिस्त्री पुढे धावला आणि मध्येच थांबला, त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. बायकांनीही बांधले. फाटकापुढे रस्त्यापर्यंत उतार आहे, एका माणसाने नेट लावला तरी गाडी घरंगळेल एवढा. पण तो एक माणूस माझ्याकडचा असून चालणार नव्हतं.

दीर हसत आत आला. गाडीच्या बाजूने, कपड्यांना तेल लागू नये म्हणून अंग चोरत, मागे गेला आणि डिकीजवळ उभा राहून पंचांना म्हणाला, “झालं नव्हं? बोलवू टेम्पो?”

आता एक गोष्ट सांगते, जी मी गावकीत सांगितली नव्हती. ती गाडी नवऱ्याच्या हातातही कधी धड चालू व्हायची नाही. दीर रोह्याला जायच्या आधी आणि नंतर पेणला आला की, दर रविवारी, नवरा आत बसायचा, मी शेजारी, आणि थोरला भाऊ मागून धक्का मारायचा. नवरा उजवा हात बाहेर काढून वर करायचा आणि ओरडायचा. गाडी लागली की आम्ही दोघं भुर्रकन निघून जायचो आणि हा धुरात उभा राहायचा. दोनच सीट. इतक्या वर्षांत नवऱ्याने त्याला एकदासुद्धा स्टिअरिंगला बसू दिलं नाही. मला हे माहीत होतं. मी ते कुणाला का सांगू? ती त्याची दुखरी जागा होती आणि मला तिच्यावरच बोट ठेवायचं होतं.

मी दुसरा गिअर टाकला. क्लच दाबला. उजवा हात बाहेर काढून वर केला आणि नवऱ्याच्या सुरात, त्याच्यासारखंच खणखणीत, ओरडले:

“हं दादा!”

त्याला ‘दादा’ फक्त माझा नवरा म्हणायचा.

जित्याची खोड. मी आरशात पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं, आणि हात मात्र डिकीवर आले होते. पाय फाकले, मान खाली गेली, खांदा लागला. गाडी हलली. मागचं चाक पायरीवरून खाली उतरलं, उताराला लागली, आणि तो मागून धावत होता, पांढऱ्या कपड्यांत, धापा टाकत, आणि ओरडत होता, “सोड! सोड क्लच, धाकल्या! आता सोड!”

मी सोडला. इंजिन धडाडलं. गाडी फाटकाच्या बाहेर.

अंगणातून पंचांचा आवाज आला, “तुझाच हात रे, थोरल्या! तिच्याकडचा नाय!” आणि मग आळी जी हसली, जी हसली! मिस्त्री नाचत होता. टेम्पोवाला गणपती घेऊन परत फिरायला लागला होता. मला हवं होतं ते सगळं झालं, जसं हवं होतं तसं, भर चौकात.

रस्त्याला लागताना मी पुन्हा आरशात पाहिलं. तो धुरात उभा होता, काळे झालेले दोन्ही हात अजून पुढे धरलेले. आपण काय ओरडलो ते त्याला आत्ता कळत होतं. मग तो रस्त्यातच खाली बसला. इंजिनाच्या आवाजातही मला ऐकू आलं, “धाकल्या, धाकल्या रे,” असं हंबरडा फोडून रडत होता, आणि हसणारी माणसं एकेक करून गप्प होत होती.

गाडी थांबवावी असं एकदा वाटलं. थांबवली नाही. थांबवली असती तर इंजिन बंद पडलं असतं, आणि मग पुन्हा त्यालाच हाक मारावी लागली असती. ती हाक माझ्याच्याने दुसऱ्यांदा निघाली नसती.